गोल्फची साक्ष, सुईची साक्ष : स्कॉटलंडच्या मेरी राणीचे विरंगुळे

१/ डिसेंबर १५६८. लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे, इंग्लंडच्या राणीने नेमलेल्या आयुक्तांपुढे, एका पदच्युत राणीविरुद्ध आरोपांचा दीर्घ मसुदा सादर झाला. मुख्य आरोप पतीच्या खुनात सहभागी असल्याचा होता. पत्रे, कट, व्यभिचार असे सारे त्यात होतेच. पण त्याच कागदात एक आरोप खेळाचाही होता. पतीच्या मृत्यूला काही दिवसही उलटले नव्हते, तोच ही विधवा उघड्या मैदानावर गोल्फ खेळली, असा तो आरोप. ती राणी म्हणजे स्कॉटलंडची मेरी स्टुअर्ट. #धागा

२/ 'इतिहासाला ज्ञात असलेली पहिली स्त्री गोल्फपटू' म्हणून आज मेरीचे नाव कौतुकाने घेतले जाते. ज्या नोंदीवर हे कौतुक मुख्यतः उभे आहे, ती मात्र तिच्या शत्रूंनी तिला दोषी ठरवण्यासाठी लिहिली होती. मैदानापासून दूर असतानाचे तिचे इतर छंद, म्हणजे भरतकाम, संगीत, शिकार, बिलियर्ड्स, यांच्याही वाट्याला थोड्याफार फरकाने हेच आले. राणीच्या विरंगुळ्याकडे विरंगुळा म्हणून पाहणारे फारसे कोणी नव्हते.

३/ आधी खेळाविषयी थोडे. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली, कारण तरुणांनी धनुर्विद्येचा सराव करावा अशी राज्याची गरज होती. १४७१ आणि १४९१ मध्ये ही बंदी पुन्हा जाहीर करावी लागली; यावरून ती किती पाळली गेली हे कळते. पुढे मेरीचे आजोबा, राजा चौथा जेम्स, यांनी १५०२ मध्ये पर्थ येथील धनुष्ये बनवणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. खजिन्याच्या हिशेबवहीत त्या खर्चाची नोंद आहे.

४/ त्याच हिशेबांत १५०४ ची आणखी एक नोंद आढळते : राजाने अर्ल ऑफ बॉथवेलबरोबर गोल्फ खेळण्यासाठी केलेला खर्च. हे बॉथवेल पहिले अर्ल. त्यांचाच पणतू, चौथा अर्ल जेम्स हेपबर्न, पुढे मेरीच्या आयुष्यात आला आणि तिच्या सर्वनाशाला कारण ठरला. दोन घराण्यांचा हा संबंध तीन पिढ्यांपूर्वी खेळाच्या मैदानावरही नोंदला गेला होता.

५/ मेरीचा जन्म ८ डिसेंबर १५४२ चा. सहा दिवसांची असताना वडील वारले आणि ती राणी झाली. पाचव्या वर्षी तिला फ्रान्सला पाठवण्यात आले. तिथल्या दरबारात ती वाढली, १५५८ मध्ये युवराज फ्रान्सिसशी तिचा विवाह झाला. १५५९ मध्ये तो राजा झाला आणि १५६० च्या डिसेंबरात मरण पावला. १९ ऑगस्ट १५६१ रोजी अठरा वर्षांची विधवा मेरी लीथच्या बंदरावर उतरली. कॅथलिक राणी आणि नुकताच प्रॉटेस्टंट झालेला देश, अशी ही गाठ होती.

६/ फ्रेंच दरबाराने तिला राजस्त्रीला साजेशा साऱ्या कला शिकवल्या होत्या. घोड्यावरून शिकार, ससाणे उडवणे, धनुर्विद्या, नृत्य, ल्यूट हे तंतुवाद्य आणि सुईकाम. इंग्रज दूत थॉमस रँडॉल्फ याने १५६१ च्या ऑक्टोबरात लंडनला कळवले की, मंत्रिमंडळाच्या बैठकीतही राणी बहुतेक वेळ हातात काहीतरी शिवणकाम घेऊनच बसते. परक्या दूताला ही बाब वरिष्ठांना कळवण्याजोगी वाटली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. राणीचे हात कशात गुंतले आहेत, ही राजकीय बातमी होती.

७/ १५६४ मध्ये मेरीचा दूत सर जेम्स मेल्व्हिल एलिझाबेथच्या दरबारी गेला. तुमची राणी फावल्या वेळात काय करते, असे एलिझाबेथने त्याला विचारले. ती नुकतीच डोंगराळ प्रदेशातील शिकारीहून परतली आहे, सवड मिळाली की इतिहासाची पुस्तके वाचते, कधी ल्यूट आणि व्हर्जिनल वाजवते, असे त्याने सांगितले. चांगले वाजवते का, हा पुढचा प्रश्न. 'राणीच्या मानाने बरे,' अशा आशयाचे सावध उत्तर मेल्व्हिलने दिले. त्याच दिवशी एलिझाबेथचे वादन त्याच्या कानी 'सहज' पडेल अशी व्यवस्था झाली. मेल्व्हिलने आपल्या आठवणींत हा प्रसंग मिस्किलपणे नोंदवून ठेवला आहे.

८/ मायदेशी मात्र असे कौतुक नव्हते. सुधारणावादी धर्मोपदेशक जॉन नॉक्स याने राणीच्या नृत्यावर व्यासपीठावरून टीका केली. दरबारातील नाच त्याला धर्मद्रोहाच्या आनंदाचे चिन्ह वाटे. राणीच्या करमणुकीतून तिचे चारित्र्य आणि तिची निष्ठा वाचण्याची सवय देशाला अशी आधीच जडलेली होती.

९/ १० फेब्रुवारी १५६७ च्या पहाटे एडिंबरोतील कर्क ओ' फील्ड येथील घर सुरुंगाच्या दारूने उडवण्यात आले. मेरीचा दुसरा पती डार्नली बाहेरच्या बागेत मृतावस्थेत सापडला. अंगावर स्फोटाच्या खुणा नव्हत्या. बहुधा गळा दाबून त्याला मारले होते. संशयाची सुई बॉथवेलकडे वळली. आठवडाभरातच मेरी राजधानी सोडून पूर्वेकडील समुद्राजवळच्या सीटन येथील प्रासादात गेली.

१०/ फ्रेंच राजघराण्याच्या रिवाजानुसार विधवेने चाळीस दिवस अंधाऱ्या दालनात शोक पाळायचा असे. पहिल्या पतीच्या निधनानंतर मेरीने तो पाळलाही होता. या वेळी ती आठवड्यातच बाहेर पडली. तिच्या समर्थकांच्या वृत्तान्तानुसार, तिची प्रकृती पाहता मोकळ्या हवेत जावे, असा आग्रह वैद्यांच्या सल्ल्याने मंत्र्यांनीच धरला होता. विरोधकांनी मात्र त्यातून निराळा अर्थ काढला.

११/ पुढचे प्रसंग झपाट्याने घडले. एप्रिलमध्ये बॉथवेल नाममात्र खटल्यातून सुटला. १५ मे रोजी मेरीने त्याच्याशी विवाह केला. जूनमध्ये सरदारांनी तिला कैद केले, २४ जुलैला तिच्याकडून राजत्यागावर सही घेतली. मे १५६८ मध्ये ती निसटली, लँगसाइडला हरली आणि आश्रयासाठी इंग्लंडमध्ये आली. एलिझाबेथने आश्रयाऐवजी चौकशी नेमली. तिथे मेरीचा सावत्र भाऊ आणि स्कॉटलंडचा कारभारी अर्ल ऑफ मरे याच्या पक्षाने 'बुक ऑफ आर्टिकल्स' हा आरोपांचा मसुदा मांडला.

१२/ त्यात सीटनच्या वास्तव्याचे चित्र रंगवले आहे : दिवसा मैदानावर गोल्फ आणि पेल-मेल (लाकडी मोगरीने चेंडू टोलवण्याचा खेळ), रात्री बॉथवेलचा सहवास. खेळ मुद्दाम रात्रीच्या आरोपाशेजारी ठेवला आहे. खेळणे हा गुन्हा नव्हता. पण विधवेच्या वेशात असलेली, हसतखेळत चेंडू टोलवणारी स्त्री डोळ्यांपुढे उभी राहिली की उरलेले पटवून देणे सोपे जाई.

१३/ मग मेरी खरोखर गोल्फ खेळली का? येथे साधनाची पारख करावी लागते. मसुदा लिहिणाऱ्यांचे राज्य आणि कदाचित प्राणही तिच्या दोषी ठरण्यावर अवलंबून होते. त्यामुळे 'त्या आठवड्यात, त्या मैदानावर' हा तपशील त्यांच्या शब्दावर स्वीकारता येत नाही. तथापि आरोप पटावा म्हणून तो संभाव्य वाटावा लागतो. जिला कधी कुणी काठी हातात घेतलेली पाहिले नाही, तिच्यावर गोल्फचा आरोप रचण्यात अर्थ नव्हता. म्हणजे सीटनचा प्रसंग संशयास्पद, पण तिला खेळ अवगत असणे संभवनीय, इतकेच सावधपणे म्हणता येते.

१४/ या मर्यादेपलीकडच्या कथा बऱ्याच प्रचलित आहेत. १५५२ मध्ये मेरीने सेंट अँड्रूजचे मैदान स्थापन केले, ही त्यांपैकी एक. त्या वर्षी ती नऊ वर्षांची होती आणि फ्रान्समध्ये होती. १५५२ हे साल येते ते आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेवरून, जिच्यात तिथल्या किनारी माळावर खेळण्याचा नागरिकांचा हक्क नोंदला आहे. मेरीच्या काठ्या वाहणाऱ्या फ्रेंच 'कॅडें'वरून 'कॅडी' शब्द रूढ झाला, ही दुसरी कथा. शब्दाचे मूळ फ्रेंच आहे हे खरे; मेरीशी त्याचा संबंध जोडणारा समकालीन पुरावा नाही.

१५/ जानेवारी १५६९ मध्ये चौकशी निर्णयाविनाच आटोपली : कोणत्याही बाजूचे म्हणणे पुरेसे सिद्ध झाले नाही. आरोप सिद्ध झाला नाही, पण सुटकाही झाली नाही. पुढची अठरा वर्षे मेरी इंग्लंडमध्ये बंदिवान राहिली. मोकळे माळ आता संपले. १५६९ मध्ये टटबरीच्या गढीत निकोलस व्हाइट नावाचा अधिकारी तिला भेटला. हवा वाईट असताना वेळ कसा जातो, या प्रश्नावर तिने सांगितले की दिवसभर सुईकाम करते. रंगांच्या विविधतेमुळे काम कंटाळवाणे होत नाही आणि हात दुखेपर्यंत ते चालू राहते.

१६/ या कामात तिची जोडीदार होती तिच्याच पहारेकऱ्याची पत्नी. अर्ल ऑफ श्रूजबरीवर मेरीची जबाबदारी होती आणि त्याची पत्नी बेस ऑफ हार्डविक स्वतः भरतकामात निपुण होती. दोघींच्या हातचे काम 'ऑक्सबर्ग पडदे' या नावाने आज नॉरफोक परगण्यातील ऑक्सबर्ग हॉलमध्ये पाहता येते. प्राणी-पक्ष्यांचे अनेक नमुने स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर याच्या ग्रंथातील चित्रांवरून घेतलेले आहेत.

१७/ मेरीने भरलेले एक मांजर एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यात आहे. मूळ चित्र गेस्नरचे. पण मेरीने मांजर तांबूस केले आणि त्याच्यापुढे मूळ चित्रात नसलेला उंदीर बसवला. एलिझाबेथचे केस तांबूस होते. हा योगायोग की टोमणा, यावर अभ्यासक चर्चा करत आले आहेत. बंदिवानाची पत्रे उघडून वाचली जात. मांजराला मात्र कोणी हटकले नाही.

१८/ एका उशीच्या बाबतीत तसे झाले नाही. इंग्लंडचा सर्वांत मोठा सरदार ड्यूक ऑफ नॉरफोक याच्याशी मेरीच्या विवाहाचा बेत चालला होता. तिने त्याला भरतकाम केलेली उशी पाठवली : आकाशातून आलेला हात कोयत्याने वेल छाटतो आहे आणि भोवती लॅटिन बोधवाक्य, ज्याचा आशय 'घावानेच गुण बहरतो' असा. वांझ फांदी तोडली की फळती फांदी वाढेल, असा त्याचा अर्थ लावला गेला. वांझ म्हणजे अविवाहित एलिझाबेथ, फळती म्हणजे पुत्रवती मेरी. जानेवारी १५७२ मध्ये नॉरफोकवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा या उशीचाही उल्लेख पुराव्यात आला. जूनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच चिन्हाचा भरलेला एक तुकडा ऑक्सबर्ग पडद्यांत आहे.

१९/ सुईने तिने समेटही साधू पाहिला. १५७४ मध्ये किरमिजी सॅटिनवर रुपेरी जर भरलेला घागरा तिने फ्रेंच राजदूतामार्फत एलिझाबेथला भेट म्हणून पाठवला. एलिझाबेथला तो आवडला. सुटका काही झाली नाही. त्याच सुमारास पॅरिसमधील आपल्या प्रतिनिधीला लिहिलेल्या पत्रांत ती पिंजऱ्यात पाळण्यासाठी पारवे आणि परदेशी कोंबड्या, तसेच छोटी कुत्री मागते. बंदिवानाचा हा विरंगुळा, असे ती स्वतःच म्हणते. जी एके काळी डोंगरातून दौडत शिकार करी, तिच्याजवळ आता खोलीत मावणारे प्राणी उरले होते.

२०/ नोव्हेंबर १५८६ मध्ये फॉदरिंगे येथे मृत्युदंडाची वार्ता कळवल्यानंतर पहारेकरी सर एमियस पॉलेट याने तिच्या डोक्यावरील राजछत्र उतरवले आणि दालनातील बिलियर्ड्सचे टेबलही हलवायला लावले. आता करमणुकीची वेळ उरली नाही, असे त्याचे म्हणणे. तुम्ही मला इतर कामांत इतके गुंतवून ठेवलेत की त्यावर खेळायला सवडच झाली नाही, अशा अर्थाचे तिचे उत्तर वृत्तान्तांत आले आहे.

२१/ ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला. प्रत्यक्षदर्शीच्या वर्णनानुसार, तिच्या वस्त्रांखाली लपलेले छोटे कुत्रे देहापासून हलेना. देह झाकण्यासाठी बिलियर्ड्सच्या टेबलावरचे हिरवे कापड वापरले गेले, असेही फ्रेंच वृत्तान्तांत म्हटले आहे.

२२/ तिचा मुलगा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचाही राजा झाला. त्याच वर्षी त्याने एडिंबरोच्या विल्यम मेन याला गोल्फच्या काठ्या बनवणारा राजकारागीर नेमले. आईविरुद्ध पुरावा म्हणून मांडलेला खेळ मुलाच्या दरबारात सन्मानाचा झाला. मेरीच्या गोल्फविषयी आज हाती आहे तो मुख्यतः विरोधकांचा कागद. तिच्या भरतकामाची गोष्ट निराळी : नॉरफोकच्या खटल्यात त्याचाही अर्थ फिर्यादी पक्षाने लावला, तरी टाके तिचे स्वतःचे आहेत आणि ते अजून शाबूत आहेत. मेरीविषयी काही वाचताना प्रत्येक वाक्य कोणी, कोणासाठी लिहिले, हे आधी पाहावे. आणि शक्य तेव्हा त्या कापडाकडेही पाहावे.