नीताच्या गप्पा, शोभा डेंच्या कादंबऱ्या

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात गप्पांना दर्जे आहेत. पारावर चार पुरुष तासभर दुसऱ्याच्या घरातलं बोलले तर ती चर्चा. तेच बायका नळावर बोलल्या तर कुचाळक्या. आणि नारायणगावच्या तमाशात दोन गडी उभे राहून सरपंचापासून सावकारापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढू लागले, की ती बतावणी. तिला तर गाव सुपारी देऊन बोलावतं. मजकूर तिन्हीकडे साधारण एकच असतो. तो कुणाच्या तोंडून येतो, यावर त्याचं नाव ठरतं.

शोभा डे यांच्या कारकिर्दीचा विचार मी याच बाजूने करते. त्यांचं नाव निघालं की मराठी माणूस एक तर हसतो, नाही तर चिडतो. त्यांच्या कामाचा इतिहास म्हणून विचार क्वचितच होतो.

शोभा राजाध्यक्ष यांचा जन्म १९४८चा, साताऱ्याचा. वडील सरकारी नोकरीत, कायद्याच्या क्षेत्रात. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, मग मॉडेलिंग, मग नारी हिरा यांच्या जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याचं काम. हिरा यांनी १९७१च्या ऑक्टोबरात ‘स्टारडस्ट’ हे इंग्रजी फिल्मी मासिक काढलं आणि संपादनाची जबाबदारी या तेवीस वर्षांच्या मुलीवर टाकली. पहिल्याच अंकाने राजेश खन्नाचं गुपचूप लग्न झालंय का, असा सवाल मुखपृष्ठावर टाकला. सवाल टाकायचा आणि उत्तर वाचकाच्या मनात तयार होऊ द्यायचं, ही रीत तिथेच दिसते.

सिनेमाच्या इंग्रजी पत्रकारितेत धारदार लिहिणारे त्याआधीही होते. पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल १९३५पासून ‘फिल्मइंडिया’त भल्याभल्यांना सोलत होते. पण पटेलांच्या लिखाणात संपादकाचा हुकमी सूर होता, पारावरचा. नळावरचा सूर छापण्याचं काम प्रामुख्याने दोन मराठी बायकांनी केलं. ‘स्टार अँड स्टाइल’मध्ये देवयानी चौबळ आणि ‘स्टारडस्ट’मध्ये शोभा राजाध्यक्ष. इंग्रजी वाक्यात मध्येच हिंदी शब्द घालायचा, डोळा मारल्यासारखं लिहायचं, ही भाषा या दोघींनी रुळवली. पुढे जाहिरातींनी आणि टीव्हीने तीच उचलली.

दोघींत फरकही मोठा होता. चौबळ स्वतःच्या नावाने लिहीत, पार्ट्यांना जात, आणि लिहिल्याची किंमतही चुकवत. शोभाताईंचं सदर ‘नीताज नॅटर’ या नावाने यायचं. नीता नावाची बाई कुठेच नव्हती. नटनट्यांत मिसळण्याची शोभाताईंना हौस नव्हती. बातमीदार ऐकीव माल आणत आणि त्या टेबलावर बसून त्याला नीताचा आवाज देत.

या सदराची घडण पाहण्यासारखी आहे. एका माणसाला दोन-चार ओळी. त्यात कोण, कुणाबरोबर, कुठे दिसलं एवढंच. का, याला जागा नाही. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचं म्हणणं त्या ओळींत मावत नाही. आणि नट असो की नटी, दोघांना ओळी सारख्याच मिळाल्या तरी त्यांचा भार सारखा पडत नसे. नटाच्या बाबतीत ती भानगड ठरे आणि नटीच्या बाबतीत चारित्र्य.

नळावरही असंच असतं. माझी आत्या सासर सोडून घोडेगावला कायमची माहेरी आली. गावाने तिचा निकाल एका वाक्यात लावला. ते वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की तिला स्वतःचं काही सांगायचं असेल हे मला कितीतरी वर्षं सुचलंच नाही. नारायणगावकर विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरी त्यांच्याबद्दल आमच्याकडे सांगतात ती गोष्ट ठरलेली: फडावर नाचता नाचता कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. गोष्ट कौतुकाची आहे. पण एवढ्या मोठ्या आयुष्याला तीही एका वाक्याचीच.

‘स्टारडस्ट’नंतर शोभाताईंनी ‘सोसायटी’ आणि ‘सेलिब्रिटी’ ही मासिकं चालवली. १९८९मध्ये पेंग्विन इंडियाने त्यांची पहिली कादंबरी ‘सोशलाइट इव्हनिंग्ज’ काढली. लेखिका चाळिशी ओलांडलेली, आणि आता लिखाणावर नाव स्वतःचं होतं. कादंबरीची नायिका करुणा साताऱ्यात जन्मते, आणि तिच्या कथनात सातारा म्हणजे कुठलंसं धुळीतलं खेडं. छत्रपतींच्या राजधानीचं हे वर्णन वाचून मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडेल. मला मात्र ते नेमकं वाटतं. मुंबईच्या उच्चभ्रू दिवाणखान्यात शिरू पाहणाऱ्या मुलीला आपलं गाव तिथल्या लोकांच्या डोळ्यांनीच दिसायला लागतं.

दुसरी कादंबरी, ‘स्टारी नाइट्स’, जास्त महत्त्वाची. तिची नायिका आशा राणी ही मद्रासहून आलेली, आईनेच सिनेमात ढकललेली नटी. वाचक लगेच शोधू लागले, ही खरी कोण? म्हणजे कादंबरीही त्यांनी सदरासारखीच वाचली. पण सदरात ज्या बाईला दोन ओळी मिळाल्या असत्या, तिला इथे अख्खं पुस्तक मिळालं होतं. तिला आई होती, भूक होती, पैशाचा हिशेब होता, वापरणारे पुरुष होते आणि त्यांना वापरण्याची अक्कलही होती. नीताने गाळलेलं ‘का’ इथे सापडतं. सदराची आणि कादंबरीची सामग्री एकच होती. कादंबरीत ती त्या बाईच्या बाजूने मांडली गेली.

समीक्षकांनी ‘बाजारू’ म्हणून नाकं मुरडली. काही तक्रारी रास्त आहेत. पात्रं पुष्कळदा चटकदार वाक्यं बोलण्यापुरतीच येतात, आणि मुंबईच्या मोजक्या इमारतींपलीकडचं जग जवळपास दिसतच नाही. त्या घरांत भांडी घासणारीला दोन ओळीही मिळत नाहीत. सदराची घाई कादंबरीत राहून गेली. पण या टीकेत पारावरचा जुना सूरही मिसळला होता: बायकांचं बोलणं, त्यात काय वाङ्मय?

त्या इंग्रजी कादंबऱ्या आमच्या तालुक्यात कुणी वाचल्या नाहीत. शोभा डे आमच्याकडे आल्या त्या दूरदर्शनवरून. १९९५मध्ये सुरू झालेल्या ‘स्वाभिमान’ या दुपारच्या मालिकेच्या लेखनात त्यांचा वाटा होता. मालिकेच्या मध्यभागी स्वेतलाना. एका उद्योगपतीची ठेवलेली बाई, आणि तो मेल्यावर ताठ मानेने उभी राहणारी. आत्या ती मालिका चुकवत नसे. स्वेतलानाबद्दल तिने कधी वाईट शब्द काढला नाही, आणि शेजारणींनी काढला तर ती आवाज मोठा करी.

२०१५मध्ये मल्टिप्लेक्सांत मुख्य वेळेत मराठी चित्रपट सक्तीचा करण्यावरून शोभाताईंनी ट्विटरवर टोमणे मारले. विधानसभेत हक्कभंगाची नोटीस निघाली, तिला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. निषेध म्हणून शिवसैनिक वडापाव आणि मिसळ घेऊन त्यांच्या घरी गेले. टोमणे मलाही उथळ वाटले. पण टवाळीसाठी बाईला सभागृहाने जाब विचारावा, हे बतावणीवर पोसलेल्या महाराष्ट्राला शोभलं नाही. आमच्या जत्रांत याहून तिखट बोलणाऱ्या गड्यांना लोक शिट्ट्या आणि नोटा देतात.

गॉसिपवालीची कादंबरीकार झाली, याला लोक बढती समजतात. मला ती बढती वाटत नाही. नळावरचं आणि कादंबरीतलं बोलणं एकाच कुळातलं. फरक पडतो तो ऐकणारीने पहिल्या वाक्यावर न थांबता ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारल्यावर. नीताने ते विचारलं नव्हतं. शोभा डेंनी चाळिशीनंतर, अर्धंमुर्धं का होईना, विचारलं. आत्याला ते आम्ही कुणीच विचारलं नाही.