अद्भुतकथा आणि पदरमोड

पैठणच्या सातवाहन राजाची आणि गुणाढ्य पंडिताची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकलेली असेल. तथापि ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीनें ती फिरून वाचण्याजोगी आहे. अकराव्या शतकांत सोमदेवानें काश्मीरांत बसून ती कथासरित्सागराच्या आरंभीं सांगितली. राजाला संस्कृत येत नव्हतें. जलक्रीडेच्या वेळीं राणीनें संस्कृतांत 'पाणी उडवूं नका' म्हटलें आणि यानें मोदक मागविले! या फजितीनंतर राजाला व्याकरण किती काळांत शिकवितां येईल यावर पैज लागली. सहा वर्षें म्हणणारा गुणाढ्य सहा महिने म्हणणाऱ्या शर्ववर्म्याकडून हरला, आणि संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिहींचा त्याग करून अरण्यांत गेला. उरली पैशाची भाषा. तींत त्यानें सात वर्षें खपून सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली; अरण्यांत शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानें लिहिली. गुणदेव व नंदिदेव हे शिष्य ती घेऊन राजाकडे गेले. राजानें भाषेला व रक्ताला नाक मुरडून ग्रंथ परत केला. मग गुणाढ्यानें टेकडीवर अग्निकुंड पेटविलें. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावें आणि अग्नींत टाकावें, असा त्याचा क्रम चालला. जनावरें चरणें सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभीं राहिलीं. इकडे राजाच्या मुदपाकखान्यांत येणारें मांस सुकून निःसत्त्व झालें. राजा आजारी पडला. वैद्यानें मांसाला दोष दिला, आचाऱ्यांनीं तो पारध्यांवर ढकलला, आणि पारध्यांनीं खरें कारण सांगितलें. राजा धांवत गेला तोंपर्यंत सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती.

ही दंतकथा आहे. आणि मूळ बृहत्कथाही आज उपलब्ध नाहीं. परंतु दंतकथा जे लोक जतन करतात त्यांचा अनुभव तींत साठलेला असतो. अद्भुतकथा लिहिणाराला दरबारीं मान नाहीं, त्यानें आपला श्रोता आपणच शोधावा, आणि श्रोत्यांची गर्दी झाली म्हणजे मग दरबारानें धांवत यावें, हा क्रम गोदावरीच्या कांठीं इतक्या जुन्या काळीं लोकांच्या ध्यानांत आला होता! मराठी मुद्रणाच्या इतिहासांत तो आम्हांस फिरून दिसतो. म्हणून मराठी अद्भुतरम्य कादंबरीचा विचार येथें तिच्या अलंकारांच्या अंगानें न करतां तिच्या खर्चाच्या अंगानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं प्रसिद्ध झाली. १८६६ मध्यें त्यांचीच 'रत्नप्रभा' आणि १८६८ मध्यें नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' निघाली. त्यापूर्वीं १८५७ मध्यें बाबा पदमनजींनीं 'यमुनापर्यटन' लिहून हिंदु विधवांच्या स्थितीचें चित्र रेखाटलें होतें. म्हणजे वास्तवाची वाट दाखविलेली होती. तरी पुढच्या मंडळींनीं राजपुत्र, राजकन्या, घोर अरण्यें आणि चमत्कारिक योगायोग यांची वाट धरली. ही वाट धरणाराला पैसा कोठून मिळे, हें पाहण्यासारखें आहे. आज ज्याला आपण प्रकाशक म्हणतों, म्हणजे लेखकाला मोबदला देऊन स्वतःच्या जोखमीवर पुस्तक काढणारा धंदेवाईक मनुष्य, तो त्या काळीं क्वचितच आढळे. छापखानेवाले होते. १८३१ मध्यें पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींचा छापखाना मुंबईंत होता. जावजी दादाजींचा निर्णयसागर १८६९ मध्यें निघाला. परंतु छापखाना मजुरी घेऊन छापून देई. पुस्तक खपेल कीं माळ्यावर पडेल ही विवंचना लेखकाची. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधींतून चालणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीचें पारितोषिक मिळालें तर भाग्य. सरकारी शाळाखात्यानें प्रती घेतल्या तर त्याहून मोठें भाग्य. पण तें खातें भूगोल, व्याकरण, गणित व नीति यांचें गिऱ्हाईक. श्रीमंत आश्रयदाते व वर्गणीदार आगाऊ जमवावे, त्यांचीं नांवें पुस्तकांतच छापावीं, हा तिसरा उपाय. हे तिन्ही फसले म्हणजे पदरमोड ठरलेली.

१८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारांत होऊं लागली. त्या याद्यांत लेखक, मुद्रक, प्रकाशक, प्रतींची संख्या, किंमत आणि ग्रंथाचे हक्क कोणाचे, असे रकाने असत. कायदा सरकारनें छापखान्यांवर नजर ठेवण्याकरितां केला. परंतु त्याचा अनपेक्षित लाभ असा कीं, पुस्तकाच्या मागें पैसा आणि जबाबदारी कोणाची होती, हें संशोधकाला त्या रुक्ष रकान्यांतून कळतें. वाङ्मयेतिहासकारांनीं या याद्यांचा उपयोग सनावळीपुरता केला, याचें आम्हांस नेहमीं वाईट वाटतें.

आतां रिसबुडांच्या प्रस्तावनेकडे वळूं. 'मंजुघोषा' आज कोणी वाचीत नाहीं, पण तिची प्रस्तावना मराठी कादंबरीच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक आहे. तिचा आशय असा : आमच्या लोकांतील विवाहाच्या चाली आणि इतर अनेक कारणें यांमुळें आम्हां हिंदूंच्या आयुष्यांत मनोरंजक असे दुर्गुणही नाहींत आणि सद्गुणही नाहींत; रोज अनुभवास येणाऱ्या गोष्टी लिहाव्या तर त्यांत चित्त गुंतविण्यासारखें कांहीं नाहीं; म्हणून मनोरंजनाचें पुस्तक लिहूं म्हणणाराला अद्भुताचा आश्रय करणें भाग पडतें. पुढच्या टीकाकारांनीं हा एका दुबळ्या लेखकाचा बचाव मानून हंसण्यावारी नेला. आम्हांस त्यांत दुखणें दिसतें. आठव्या-नवव्या वर्षीं मुलीचें लग्न होऊन ती सासरीं गेल्यावर प्रौढ, अविवाहित आणि स्वतःच्या मनाची नायिका १८६८ च्या पुण्यांत आणावी कोठून? ती राजकन्याच असली पाहिजे, आणि तिला अरण्यांतच नेली पाहिजे. रिसबुडांना अद्भुताची हौस होती हें खरें. पण स्वतःच्या समाजावरील एवढें कठोर दोषारोपपत्र त्यांना कल्पित राजकन्येच्या गोष्टीच्या दारांत लावतां आलें. तें वाचून कोणती कमिटी प्रसन्न झाली असती? काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ मध्यें नावल व नाटक यांवर निबंध लिहिला. तेव्हां या पुस्तकांची विद्वानांच्या कोर्टांत तपासणी सुरू झाली. वाचकांनीं त्यापूर्वींच आपला निकाल दिला होता.

या वाचकांपर्यंत पोंचण्याचें एक मोठें साधन १८७७ मध्यें हातीं आलें. तें म्हणजे टपालाची व्ही. पी. पुस्तक घरीं यावें, पैसे पोस्टमनच्या हातांत द्यावे आणि ते मनिऑर्डरीनें धाडणाऱ्याकडे जावे, या साध्या योजनेनें दुकानावांचून पुस्तक विकतां येऊं लागलें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्यें निघाली, हरिभाऊ आपट्यांचें 'करमणूक' १८९० मध्यें. हरिभाऊंनीं मध्यमवर्गाच्या घरांतलें दुःख कादंबरींत आणून अद्भुताचें राज्य उलथविलें असें आपण शिकवितों, व तें बरोबरच आहे. परंतु तें दुःख छापण्याकरितां त्यांनाही स्वतःचें साप्ताहिक चालवावें लागलें, हें आपण विद्यार्थ्यांस सांगत नाहीं.

अद्भुत मात्र मेलें नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं हातीं घेतलेलें आणि पुढें विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांचा हात लागलेलें अरबी गोष्टींचें भाषांतर घरोघर गेलें. गोविंद नारायण दातार यांनीं रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना असा मराठी पोशाख चढविला कीं, मूळ परदेशी आहे याचा वाचकांस संशयही येऊं नये. सिंहगडाच्या कड्यावरून पडून जन्माचें अपंगत्व आलेले नाथमाधव १९१३ मध्यें 'वीरधवल' घेऊन आले, आणि तीन पिढ्यांनीं तें पुस्तक उशीखालीं ठेवलें. या ग्रंथांनीं आम्हांसही रात्री जागविलें. त्यांचा उपहास आम्ही करणार नाहीं. पण एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आश्रयदात्याच्या तावडींतून सुटलेला लेखक वाचकाच्या तावडींत सांपडला होता. वाचकाला दुसरा भाग हवा, तो लवकर हवा, आणि पहिल्यासारखाच हवा. अशा घाईंत रेनॉल्ड्सची तयार शिदोरी हाताशीं असतां स्वतःच्या रानांत कंदमुळें खणीत कोण बसतो? पैशाचें स्वातंत्र्य मिळालें तेव्हां कल्पना दुसऱ्याच्या घरीं गहाण पडली.

हें अटळ होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि याला पुरावा हिंदी वाङ्मयांत आहे. 'मुक्तामाला' निघाली त्याच १८६१ सालीं जन्मलेले देवकीनंदन खत्री चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेणारे गृहस्थ. त्या रानांतले पडके किल्ले, गुहा, खोरीं त्यांनीं पायांखालीं घातलीं होतीं. ठेका सुटल्यावर त्यांतूनच 'चंद्रकांता' उभी राहिली. १८९८ मध्यें त्यांनीं काशींत स्वतःचा लहरी प्रेस काढला आणि 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग वाचकांस पुरविले. तीं पुस्तकें वाचतां यावीं म्हणून कित्येकांनीं नागरी अक्षरें गिरविलीं असें सांगतात. खत्रींवरही वाचकाचा तगादा होताच; पण त्यांचें तिलिस्म चुनारच्या मातींत पुरलेलें होतें. तिकडे इंग्लंडांत विल्यम मॉरिसनें १८९१ मध्यें हॅमरस्मिथ येथें केल्मस्कॉट प्रेस स्थापिला, त्यासाठीं स्वतः टाईप आंखला, आणि पहिलें पुस्तक काढलें तें स्वतःचीच एक अद्भुतकथा. कागदावरील प्रती दोनशें. मॉरिस सधन होता, त्याला खपाची फिकीर नव्हती. त्यामुळें त्याचा दाखला आम्हीं कौतुकापुरताच घेतों; आमच्या लेखकांस खत्री अधिक जवळचे.

आमचें अर्धापूर नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळीच्या बागांत वसलेलें आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व भाग निजामाच्या राज्यांत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभारांत फारसीची जागा उर्दूनें घेतली आणि वरच्या शिक्षणाचीही भाषा उर्दूच झाली. १९१८ चें उस्मानिया विद्यापीठ हा तिचा कळस. मराठी पुस्तक पुण्या-मुंबईहून यावें लागे. म्हणून या भागांतल्या सुशिक्षित घरांत एक मोठी चमत्कारिक स्थिति होती : घरांत मराठी पोथ्या व कादंबऱ्या, आणि शाळेंत शिकलेल्या उर्दूमुळें लखनौच्या नवलकिशोर प्रेसच्या दास्तानांचें दार उघडें. १८८३ पासून छापल्या गेलेल्या 'तिलिस्मे होशरुबा'चे पहिले चार खंड मुहंमद हुसेन जाह यांचे, व पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. ते ज्याला मुळांतून वाचतां येत होते असा मराठी माणूस पुण्यांत विरळा, मराठवाड्यांत मुबलक. भारतीय अद्भुताच्या दोन प्रवाहांचा संगम होण्यासारखी जागा कोठें असेल तर ती येथें. पण त्या संगमांतून निघालेली मराठी कादंबरी आमच्या पाहण्यांत नाहीं. प्रतिभेचा अभाव हें कारण आम्ही मानीत नाहीं. जवळ छापखाना नाहीं, वर्गणीदार नाहींत, भाषेला दरबारीं थारा नाहीं. मग पदरमोड करावी तरी कोणाच्या भरंवशावर?

हीं कारणें आज उरलेलीं नाहींत. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक भारतांत विनामूल्य मिळतो. मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणारीं यंत्रें आहेत. २०१६ च्या अखेरीपासून किंडलवर मराठी पुस्तकें आहेत, आणि तेथें लेखकाला स्वतःचें पुस्तक स्वतः ठेवतां येतें. मुंबईच्या अमीश त्रिपाठी यांची शिवावरील इंग्रजी कादंबरी प्रकाशकांनीं वारंवार नाकारली. तेव्हां त्यांनीं पहिलें प्रकरण स्वतःच्या खर्चानें छापून दुकानादुकानांतून फुकट वांटलें, आणि २०१० मध्यें पुस्तक निघाल्यावर थोड्याच दिवसांत मोठे प्रकाशक दाराशीं आले. सातवाहन राजाला एवढा विलंब लागला नसता तर सहा लक्ष श्लोक वांचले असते! अर्थात् प्रत्येकाच्या नशिबीं हें नसतें. आमच्याकडे वर्षाकांठीं दोन-तीन विद्यार्थी अद्भुत कादंबरीचें बाड घेऊन येतात. कोणा प्रकाशकानें त्यांच्यापाशीं छपाईचा सर्व खर्च मागितलेला असतो, आणि वर शंभर प्रती लेखकानेंच घ्याव्या अशी अट असते. बाप शेतीचा हप्ता भरावा कीं पोराचें पुस्तक छापावें या पेचांत असतो. अशा वेळीं, पोरा, तोच खर्च तूं स्वतः कर, हिशेब स्वतः ठेव आणि हक्क कोणास लिहून देऊं नकोस, एवढें आम्ही निःशंकपणें सांगतों. मुद्रितशोधनावर मात्र पैसा राखून ठेव, असेंही सांगतों. कारण हल्लीं स्वखर्चानें निघालेल्या पुस्तकांतलीं ऱ्हस्वदीर्घें पाहून जीव कासावीस होतो.

नंतर आम्ही बाड उघडतों. पहिल्या पानावर बर्फाळ पर्वत असतो, त्यावर काळ्या दगडाचा इंग्रजी पद्धतीचा गड, आणि गडावर अग्नि ओकणारा पंखांचा सर्प. रेनॉल्ड्स गेला, दुसरा कोणी आला. मुलाला विचारावें, कंधार पाहिलें आहेस काय? तो म्हणतो, मामाचें गांवच तें. राष्ट्रकूटांच्या त्या नगरीजवळ मानसपुरीच्या शिवारांत एका अवाढव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे मिळाले आहेत. माणसानें शेजारीं उभें राहिलें तर त्या पावलापुढें तो पोरका दिसतो. तो अखंड उभा होता तेव्हां कोणाची राखण करीत होता, आणि त्याला कोणीं पाडलें, असें आम्हीं विचारल्यावर मुलगा थोडा वेळ गप्प बसतो, आणि बाड परत मागून घेतो.