गोधडीतला गोल



सासूबाई गेल्यावर त्यांची सहा सुती पातळं कपाटात तशीच होती. नातीसाठी त्यांची गोधडी करायची ठरवली, आणि मध्यभागी सोळा पाकळ्यांचा गोल हवाच असा हट्ट धरला. शिवून झाला तर गोल कसला, टम्म फुगलेली पुरी! इस्त्री फिरवली की इकडे बसायचा, तिकडे उठायचा. आणि ती पातळं काही पुन्हा मिळणार नव्हती.

तेव्हा शेजारच्या मावशींची आठवण आली. मी १९८१ साली लग्न होऊन परळच्या भोईवाड्यात आले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांत साच्यावर काम करणारे मावशींचे यजमानही. मावशी ऑर्डरच्या गोधड्या शिवू लागल्या.

तशी गोधडी या वस्तीत गिरण्यांबरोबरच आली म्हणायची. कावसजी दावरांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ती गिरणी ताडदेवला सुरू झाली. मग हळूहळू परळ-लालबागपर्यंत भोंगे वाजू लागले. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांच्या वळकटीत गोधडी असायची. घाटावरचे तिला वाकळ म्हणत.

पण मावशींच्या गोधडीत गोल कधी पाहिला नाही. चौकोन, पट्ट्या, कोपऱ्यात त्रिकोण, बस्स. मला वाटायचं, यांना जमत नसेल. (बी.कॉम. झालेली नवी सून, दुसरं काय वाटणार?) आता कळतं. त्या जुनं लुगडं जमिनीवर पसरत, त्यावर कडा दुमडून तुकडे मांडत, आणि बाहेरून आत धावदोरा घालत जात. तुकड्याला तुकडा अधांतरी जोडायचाच नाही. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही कवंदी अशीच करतात, एका कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेने मध्यापर्यंत. तुकडा थोडा कमीजास्त असला तरी खालचं कापड त्याला धरून ठेवतं.

माझा हिशेब कुठे चुकला ते वही घेऊन काढलं. एकेका शिवणीत अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कापड जास्त गेलं. सोळा शिवणी, एक इंच. गोलाची त्रिज्या आठ इंच, बाहेरचा घेर पन्नास इंचांचा, तिथे इंचभर खपून जातो. पण मध्यापासून एका इंचावर घेर जेमतेम सव्वासहा इंच, त्यातला एक गेला! मग कापड वर उठणारच. उलट शिवण बारीक घेतली तर घेर वाढतो आणि कडेला चुण्या पडतात. त्यात काही पाकळ्या मी उभ्या धाग्यावर कापल्या होत्या, काही तिरक्या. तिरकं कापड इस्त्रीखाली ताणलं जातं.

अमेरिकेत १९२०-३० च्या दशकांत ‘ड्रेस्डेन प्लेट’ नावाचा पाकळ्यांचा गोल फार लोकप्रिय होता. त्यातल्या पाकळ्या कडं करून जोडतात, मधे भोक ठेवतात, कडं सपाट चौकोनी कापडावर शिवतात आणि भोकावर छोटी चकती लावतात. म्हणजे अडचणीची जागाच कापून टाकायची. आणि खाली कापड, मावशींसारखंच.

मग सगळ्या शिवणी उसवल्या. दोन दिवस गेले. पाकळ्यांना तांदळाची कांजी केली (साबुदाण्याची का नाही, ते तुम्हाला सांगायला नको), सुकवून एकाच धाग्यावर पुन्हा कापल्या. आठ-आठ पाकळ्यांचे दोन अर्धे गोल शिवले, फूटपट्टी लावून त्यांच्या कडा सरळ केल्या, मगच शेवटची लांब शिवण घातली. इस्त्री फिरवली नाही, नुसती वरून दाबली. मधला भाग कापला, जुन्या मांजरपाटावर कडं बसवलं आणि सासूबाईंच्या जांभळ्या पातळाची चकती लावली.

मावशी संपानंतर दोन वर्षांनी गावी गेल्या. जाताना मला एक दुपटं दिलं होतं, ते अजून आहे. त्यातही गोल नाही.

आमचा गोल बसला. एका पाकळीपाशी किंचित उंचवटा राहिलाय. नात झोपताना नेमकं तिथेच बोट फिरवते.