शिशुमाराच्या मृत्यूची चौकशी



भातसानगरसारख्या डोंगराळ गांवीं राहणाऱ्या माणसानें समुद्रांतील प्राण्याविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. पण आमची भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हास वसईच्या खाडीनें समुद्राला. शिवाय या विषयाचें एक जुनें देणें माझ्या अंगावर आहे.

तीसएक वर्षांपूर्वीं मी शाळेची सहल घेऊन कोंकणच्या किनाऱ्यावर गेलों होतों. वाळूंत एक डॉल्फिन मरून पडला होता. मुलांनीं विचारलें, “गुरुजी, हा कशानें मेला?” मीं मास्तरकीच्या तोऱ्यांत सांगून टाकलें, “म्हातारा झाला असेल, वाट चुकला असेल.” जवळच मासळी सुकत घालणारी एक वृद्ध कोळीण होती. तिनें त्याच्या लांबट तोंडावरील बारीक रेघांकडे बोट दाखविलें आणि ती एवढेंच म्हणाली, “जाळ्याचा वळ हाय तो, मास्तर.” मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. तिचें अनुमान खरें होतें कीं नाहीं, हें आज ठरवितां येणार नाहीं. परंतु तिची पाहण्याची रीत शास्त्राची होती आणि माझी नव्हती.

ही रीत शास्त्रांत कशी आली, याचा इतिहास फार जुना नाहीं. इंग्लंडांत किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांची व डॉल्फिनांची नोंद १९१३ पासून ठेवली जात होती. पण त्या नोंदींत मुख्यत्वें जात, लांबी व स्थळ. मृत्यूचें कारण शोधण्याची नियमित व्यवस्था नव्हती. १९८८ सालीं उत्तर समुद्रांत साथीच्या रोगानें सुमारे १८,००० सील मेले, आणि प्रेतांची नीट चिकित्सा केली पाहिजे हें सर्वांस पटलें. १९९० पासून तेथें शवविच्छेदनाचें पद्धतशीर काम सुरू झालें. पुढें १९९२ च्या आरंभीं कॉर्नवॉल व डेव्हनच्या किनाऱ्यावर तीन महिन्यांत शंभराहून अधिक डॉल्फिन वाहून आले. साथ आली, असा तर्क सहज झाला असता. पण टीस कायकेन व त्यांचे सहकारी यांनीं कांहीं प्रेतें उघडून पाहिलीं, तेव्हां बहुतेकांचा दोष रोगाकडे न जातां जाळ्याकडे गेला. १९९४ सालीं फ्रान्समधील माँपेलिए येथें युरोपांतील तज्ज्ञांनीं एकत्र बसून या निदानाच्या कसोट्यांची छाननी केली.

त्या कसोट्या समजण्यास कठीण नाहींत. डॉल्फिन हा मासा नव्हे. तो फुप्फुसानें श्वास घेतो आणि तोही जाणूनबुजून घेतो. जाळ्यांत अडकला कीं तो श्वास कोंडून धरतो व गुदमरतो. म्हणून फुप्फुसांत पाणी सांपडेलच असें नाहीं. मग पाहावयाचें काय? अंग भरलेलें आहे काय, पोटांत नुकतेच गिळलेले मासे आहेत काय, म्हणजे मरणापूर्वीं प्राणी धडधाकट होता काय. श्वासनळींत फेस आहे काय. कातडीवर दोराच्या रेघा, मोडलेला जबडा, सोडवितांना कापलेलें शेपूट आहे काय. शेवटीं, दुसरा कोणता रोग सांपडतो काय. यांपैकीं एकच खूण पुरी पडत नाहीं. फेस इतर मृत्यूंतही आढळतो. मेल्यावर दोर बांधून ओढलेल्या देहावरही वळ उठतात. पण जखमेखालीं रक्त साकळलेलें असेल, तर ती जिवंतपणीं झालेली. सर्व साक्षी जुळल्या, तरच निकाल द्यावयाचा.

आपल्या किनाऱ्यावर ही चौकशी अधिक अवघड आहे. उन्हामुळें देह लवकर कुजतो आणि फेस, रेघा, साकळलेलें रक्त, सारें पुसलें जातें. पूर्वींचीं जाळीं सुताची व तागाची असत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत नायलॉन आलें. तें कुजत नाहीं व सहज तुटतही नाहीं. कुबड असलेला डॉल्फिन आणि पाठीवर पर नसलेला लहान शिशुमार हे दोघेही किनाऱ्यालगत, म्हणजे नेमके जाळीं असतात तेथेंच वावरतात.

त्यांत आणखी एक पेंच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत डॉल्फिनला स्थान आहे. कायदा योग्यच, पण नकळत अडकलेला डॉल्फिन जाळ्यांत मेलेला दिसला, तर मच्छीमार शिक्षेच्या भीतीनें तो गुपचूप समुद्रांत सोडून देण्याचा संभव असतो, आणि सर्वांत चांगला साक्षीदारच आपण गमावतों. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें जाळें कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली. जाळें हें त्याचें पोट आहे. तें कापणाऱ्याची झीज समाजानें भरून देणें न्यायाचेंच होय. जिवंत सुटलेल्या प्राण्यासाठीं जी उदारबुद्धि दाखविली, ती मेलेल्याची खबर आणणाऱ्याविषयींही हवी.

आपणांपैकीं कोणी सुटींत समुद्रावर गेले आणि असा देह दिसला, तर त्याला हात न लावतां छायाचित्रें घ्यावीं, दिवस, वेळ व स्थळ टिपावें आणि वनखात्यास त्वरित कळवावें. बरोबर मुलें असतील व त्यांनीं कारण विचारलें, तर माझ्यासारखें तत्काळ उत्तर देऊं नये. त्यांना रेघा पाहावयास सांगावें, आणि शेजारीं एखादी कोळीण असेल, तर तिलाही विचारावें.