विजयानंद नाट्यगृहातील पिस्तूल

वसईत हत्यारांविषयी बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांचे मन आपोआप किल्ल्याकडे वळते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने फिरंग्यांचा हा कोट घेतला, तो सुरुंग, तोफा आणि तोड्याच्या बंदुका यांच्या बळावर. त्या बंदुकीचा स्वभाव ध्यानात घ्यावा. दारू मोजून ओतावयाची, गोळी गजाने ठासावयाची, तोडा पेटता राखावयाचा. पाऊस आला तर सारेच मुसळ केरात. असे हत्यार चालविण्यास अनेक दिवसांची तालीम आणि शेजारी चार माणसांची सोबत लागे. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट त्यानंतर १७० वर्षांनी घडलेली. तीत फौज नाही, तट नाही. आहे तो सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आणि त्याच्या हातातले ब्राउनिंग पिस्तूल.

मुलाचे नाव अनंत लक्ष्मण कान्हेरे. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचे, शिक्षण औरंगाबादेस. त्या पिढीच्या मुलाला पिस्तूल म्हणजे काय ठाऊक असावे? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला, आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा हिंदी माणसाला गुन्हा ठरला. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. ज्यांच्या पणज्यांनी वसईच्या तटाला खिंडार पाडले, त्यांच्या पणतवंडांना घरात साधी ठासणीची बंदूकही सरकारला विचारून ठेवावी लागे. तेव्हा अशा मुलाने पिस्तुलाला प्रथम हात लावला, तोच मुळी कायदा मोडून लावला. नेमबाजीचे मैदान, शिकविणारा उस्ताद, चुकल्यास हसून सांभाळून घेणारे वडीलधारे, यांतले काही त्याच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांना पैसे भरून चांदमारीच्या जागी सराव तरी करता आला होता. नाशिक-औरंगाबादेकडच्या मुलाला तीही वाट बंद होती.

पिस्तूल आले कोठून? १९०९ च्या आरंभी लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायकराव सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली. तेथे स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीन याच्या पेटीला खोटा तळ बसवून त्यात ती दडविली होती. जुन्या बंदुकीहून हे हत्यार अगदी निराळे. गोळी सुटताना जो धक्का मागे येतो, त्याच्याच जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि दुसरे नळीत येऊन बसते. चापावरचे बोट पुन्हा दाबावयाचे, एवढेच काम माणसाकडे उरते. कोटाच्या खिशात ते मावते. तोड्याच्या बंदुकीने शिपायाजवळ वर्षांची तालीम मागितली. ब्राउनिंगने मुलाजवळ फक्त निश्चय मागितला. मनात आलेली गोष्ट आणि हातून घडलेली गोष्ट यांमधला जो विचाराचा वेळ, तो या यंत्राने गिळून टाकला. आमच्या मते या प्रकरणातील खरी ऐतिहासिक घटना हीच होय.

पुढचा प्रसंग सर्वश्रुत आहे. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्यावरील खटला ज्याने वरच्या कोर्टाकडे धाडला, तो नाशिकचा कलेक्टर जॅक्सन क्रांतिकारकांच्या रोषाला पात्र झाला. त्याची बदली ठरली, आणि निरोपादाखल २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा' नाटकाचा प्रयोग योजिला. जॅक्सन आत येताच कान्हेरे पुढे झाला व त्याने गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच ठार झाला. कान्हेऱ्याचा नेम चुकल्यास विनायक देशपांडे यांनी आणि तेही चुकल्यास कृष्णाजी कर्वे यांनी पुढे व्हावयाचे, असा बेत होता. ती वेळ आली नाही. स्वतःचा अंत करून घेण्याचे मुलाने ठरविले होते, परंतु लोकांनी त्याला तत्पूर्वीच पकडले. कोर्टापुढे त्याने कृत्य नाकारले नाही. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघांनाही फाशी झाली. पिस्तुलांचा माग निघाला, अमीन माफीचा साक्षीदार झाला, आणि नाशिक कटाच्या खटल्यात अडतीस जण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

येथेच थांबलो असतो तर व्याख्यान सोपे झाले असते. परंतु हा जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता. लोक त्याला पंडित म्हणत. मुंबई इलाख्यातील लोकसमजुती गोळा करण्यासाठी त्याने खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडल्या होत्या. त्या सामग्रीवरून एन्थोव्हेन यांनी पुढे पुस्तके सिद्ध केली. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. त्यात ठाणे जिल्ह्याच्या देवदेवतांची, भुताखेतांची, शेतीच्या विधींची माहिती आहे. वसई १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेली. तोवर ती ठाणे जिल्ह्याचाच एक तालुका होती. म्हणजे आमच्या आजे-पणज्यांच्या समजुती ज्याने आस्थेने टिपून घेतल्या, तो माणूस आमच्याच एका मुलाच्या गोळीने पडला. आणि तो मुलगा आमच्याच जिल्ह्याच्या तुरुंगात लटकला.

कोणी म्हणेल, मग दोष कोणाचा? आम्ही एवढेच म्हणू की, व्यासंगी माणूस जुलमी राज्याचा अधिकारी असू शकतो, आणि त्याचा व्यासंग त्या राज्याला न्याय्य ठरवीत नाही. त्याचप्रमाणे मुलाचे धैर्य खरे होते, म्हणून त्याच्या हातात ते यंत्र देणाऱ्या काळाची भीषणता कमी होत नाही. ज्या राज्यात तरुणाला सभेत बोलण्याची, वर्तमानपत्रात लिहिण्याची वाट बंद होते, कविता छापली म्हणून जन्मठेप होते, तेथे पिस्तूल हेच त्याचे पहिले वाक्य ठरते. आणि बहुधा शेवटचेही.

किल्ल्याच्या तटावरून सूर्यास्त पाहावयास आमची मुले जातात, तेव्हा त्यांनी चिमाजी आप्पांची आठवण अवश्य करावी. मात्र ठाण्याच्या तुरुंगावरून जाताना क्षणभर त्या अठरा वर्षांच्या मुलाचीही करावी. त्याला मिळाले नाही ते, म्हणजे निर्भयपणे बोलण्याचा आणि सावकाश विचार करण्याचा अवकाश, आज त्यांना मिळाला आहे. तो सांभाळणे हेच त्याचे खरे श्राद्ध.