कड्यातून काढलेली वाट

अमेरिकेतल्या युटा राज्यात एस्कलांटे गावाजवळून निघणारा कच्चा रस्ता शंभरेक किलोमीटर वाळवंट तुडवत कोलोरॅडो नदीच्या कड्यावर जाऊन थांबतो. शेवटचा टप्पा साध्या गाडीला झेपत नाही. तिथली खडकातली अरुंद फट म्हणजे ‘होल इन द रॉक’.

१८७९ च्या अखेरीस सुमारे अडीचशे मॉर्मन वसाहतकरी, बायकामुलं, गुरंढोरं आणि ८३ गाड्यांसह या वाटेने निघाले. सॅन वान नदीकाठी नवी वस्ती करायची होती. प्रवास सहा आठवड्यांचा ठरला होता, झाला सहा महिन्यांचा! वाटेत नैसर्गिक रंगमंचासारख्या एका खडकाच्या कुशीत ही मंडळी फिडलच्या सुरांवर नाचली. त्याला आजही ‘डान्स हॉल रॉक’ म्हणतात.

नदी हजार फुटांहून अधिक खाली होती. सुरुंग लावून फट रुंद केली, तरी चाकांना जागा पुरेना. तेव्हा वेल्समध्ये कोळशाच्या खाणीत राबलेल्या बेंजामिन पर्किन्सने तोड काढली: कड्यात ओळीने भोकं पाडायची, त्यात ओकच्या मेखा ठोकायच्या, वर ओंडके, झुडपं आणि दगड रचायचे. बाहेरची चाकं या टांगत्या वाटेवरून गेली. २६ जानेवारी १८८० रोजी गाड्या उतरू लागल्या. मागची चाकं साखळदंडांनी जखडलेली, माणसं दोर धरून मागे ओढणारी.

थकलेला तांडा मुक्कामाच्या अलीकडेच थांबला. तेच आजचं ब्लफ गाव. वाटेत एकही माणूस दगावला नाही, उलट दोन बाळं जन्मली, हे विशेष.