वैमानिक व्हायचे आहे? पदवी आणि परवाना यांतील फरक आधी ओळखा

बारावीचा निकाल लागला की अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांच्या धामधुमीत काही घरांत एक वेगळा प्रश्न उभा राहतो. मुलाला किंवा मुलीला वैमानिक व्हायचे आहे, तर कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यायला हवी. प्रवासी विमान चालवण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीने मिळत नाही. त्यासाठी व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजेच सीपीएल, लागतो आणि तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, अर्थात डीजीसीए, देते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातील पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा हेही पदवीधर नव्हते.

परवान्याच्या अटी

या परवान्यासाठी वयाची किमान १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असण्याची अट अनेक वर्षे चालत आली आहे. २०२५ मध्ये ती शिथिल करण्याचा विचार सुरू झाला असला, तरी अकरावीला प्रवेश घेतानाच हे विषय निवडणे हिताचे. वाणिज्य वा कला शाखेतील अनेक विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत हे दोन विषय पूर्ण करून या क्षेत्रात प्रवेश केला आहे.

किमान २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव ही दुसरी अट. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती असावी लागतात. रात्रीचे उड्डाण, केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण आणि ३०० नॉटिकल मैलांचा एक दीर्घ प्रवास यांचाही त्यात समावेश असतो. याखेरीज हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तंत्रज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षांत प्रत्येकी ७० टक्के गुण आवश्यक असतात. रेडिओवरील संभाषणाचा परवाना वेगळा मिळवावा लागतो.

शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी

अनेक पालक येथेच घाई करतात. आधी संस्थेचे शुल्क भरले जाते आणि वैद्यकीय तपासणी नंतर होते. क्रम याच्या उलट हवा. प्रथम महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वर्ग दोनची तपासणी आणि त्यानंतर वर्ग एकची तपासणी करून घ्यावी. चष्मा असणे ही आपोआप अपात्रता ठरत नाही. मात्र रंगांची ओळख, श्रवणशक्ती, हृदय आणि रक्तदाब यांची कसून पाहणी होते. प्रशिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटी रुपयांच्या घरात किंवा त्याहून अधिक जाऊ शकतो. एवढी रक्कम गुंतल्यावर अपात्रता कळली, तर सबंध कुटुंब कर्जात अडकते.

कोणते मार्ग उपलब्ध?

पहिला मार्ग बारावीनंतर थेट उड्डाण प्रशिक्षण संस्थेत जाण्याचा. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था असून तेथे प्रवेश परीक्षेद्वारे निवड होते. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे येथे प्रशिक्षण चालते. संस्था निवडताना विमानांची आणि प्रशिक्षकांची संख्या, तसेच मागील तुकडीला २०० तास पूर्ण करण्यास प्रत्यक्षात लागलेला कालावधी विचारावा. पावसाळ्यात आपल्याकडे उड्डाणे रखडतात, हेही हिशेबात धरावे. २०२५ पासून महासंचालनालय या संस्थांची श्रेणी जाहीर करू लागले आहे. ती अवश्य पाहावी.

दुसरा मार्ग विमानचालन विषयातील बी.एस्सी.चा. यात एक मेख आहे. काही अभ्यासक्रमांत उड्डाणाचे तास समाविष्ट असतात, तर काहींत केवळ वर्गातील शिक्षण असते. शुल्कात किती तासांचे उड्डाण धरले आहे, हे लेखी घ्यावे. एरोनॉटिकल अभियांत्रिकी ही विमानाच्या रचनेची विद्याशाखा आहे. तिने वैमानिक होता येत नाही.

तिसरा मार्ग आधी पदवी आणि मग उड्डाण. यात दोन-तीन वर्षे अधिक जातात, परंतु हाती एक स्वतंत्र व्यवसाय राहतो. ज्यांना वेळ दवडायचा नाही, त्यांना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून प्रशिक्षणाबरोबरच पदवी पूर्ण करता येते.

विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना हा चौथा मार्ग. निवड झाल्यास प्रशिक्षणाची दिशा ठरलेली असते, मात्र शुल्क बहुधा अधिक असते. परदेशात परवाना घेतल्यास तो भारतीय परवान्यात रूपांतरित करावा लागतो, ही बाब विसरू नये.

पदवी मग कशासाठी?

परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळाली, असे होत नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट विमानाचे ‘टाइप रेटिंग’ घ्यावे लागते आणि त्याचा खर्च वेगळा असतो. शिवाय या व्यवसायाला भरती-ओहोटी आहे. २०१२ मध्ये किंगफिशर आणि एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. २०२० च्या कोरोना साथीत तर जगभरची विमाने जमिनीवर होती. अशा वेळी नवपरवानाधारकांना प्रतीक्षा करावी लागते, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. वैद्यकीय कारणाने परवाना स्थगित होण्याची शक्यताही संपूर्ण कारकिर्दीत असतेच.

म्हणूनच उड्डाणासाठी पदवीची अट नसली, तरी उड्डाण थांबलेल्या काळासाठी तिचा आधार मोलाचा ठरतो. विद्यार्थ्यांनी प्रथम वैद्यकीय तपासणी, नंतर खर्चाची तरतूद, त्यानंतर संस्थेची निवड आणि त्याच्या जोडीला पदवी असा क्रम ठेवावा.